पंधराशेचा शालू

लग्नाच्या कपड्यांच्या दुकानात "बजेट काय धरू?" असं विचारलं तर खरा आकडा सांगायचा नसतो. निम्मा सांगायचा, दुप्पट खर्च करायचा आणि घरी आल्यावर तिप्पट झाला म्हणून भांडायचं, अशी रीत आहे. माझ्या भाचीनं वकिलीची परीक्षा दिलेली. तेव्हा एवढं चातुर्य तिच्याकडं असणारच, असं मी धरून चाललो होतो. पण ती गादीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "पंधराशे."

सेल्समननं मान डोलावली. "मानपानाच्या ना? किती नग काढू?"

"एकच. नवरीसाठी."

"नवरी कोण?"

"मी."

त्यानं आधी तिच्याकडं, मग तिच्या आईकडं बघितलं. तेवढ्यात गल्ल्यावरून मालकानं विचारलं, "पाव्हण्यांना चहा कोणता सांगू, साधा का इस्पेशल?"

सेल्समन आमच्यावरची नजर न काढता म्हणाला, "साधा."

मी नवरीचा मामा. आमच्याकडं मामाला मान फार आणि अधिकार शून्य. पिवळी अष्टपुत्री मामानं आणायची, मंगलाष्टकांच्या वेळी "मामा, मामा कुठायत?" असा पुकारा झाला की नवरीच्या मागं जाऊन उभं राहायचं, आणि या दोन कामांच्या मध्ये जो कोणी रुसेल त्याची समजूत काढायची. शिवाय मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. मास्तरला सुट्ट्याच सुट्ट्या असतात यावर साऱ्या भावकीचं एकमत आहे. म्हणून गेवराईहून बीडला बस्त्याला निघालेल्या क्रूझरमध्ये मीही होतो. क्रूझरमध्ये किती माणसं बसवावीत याबद्दल कंपनीचं एक मत असतं आणि बस्त्याला निघालेल्या बायकांचं वेगळं. पाडळसिंगीच्या टोलनाक्यावरच्या पोरानं काचेतून आत डोकावलं आणि काही न बोलता दांडा वर केला. गाडीत आत्या होत्या, चुलत्या होत्या, चुलत्यांच्या सुना होत्या. शेजारच्या एक काकू "मला तेवढं बीडला पोटाच्या डॉक्टरला दाखवायचंय" म्हणून बसल्या होत्या. त्यांनी डॉक्टरला दाखवलं नाही, पण तीन शालू नापसंत केले. नवरी सगळ्यात मागं, पाण्याच्या जारवर पाय ठेवून बसली होती. पुढं दुकानातही तिची जागा साधारण तीच राहिली.

मे महिना होता. कारखान्यांचे पट्टे पडले आणि ऊसतोडीला गेलेली माणसं गावाकडं परतली, की आमच्या जिल्ह्यात एकेका दिवशी एवढी लग्नं निघतात की भटजी मोटारसायकलवरूनच मंगलाष्टकं सुरू करत असावेत. बीडच्या बाजारपेठेत अकराही तालुक्यांचे बस्ते एकाच वेळी चाललेले. दुकानात गादीवर जागा मिळवायची तर आधीचा बस्ता उठेपर्यंत त्यांच्या पंगतीत उभं राहून त्यांच्या साड्यांना नावं ठेवायची. आम्ही ती ठेवली. आमच्या मागचे आमच्या साड्यांना ठेवत होते.

भाचीच्या अटी अशा: साडी पंधराशेच्या आत पाहिजे, सुती पाहिजे आणि लग्नानंतरही चार ठिकाणी नेसून जाता आली पाहिजे. पहिल्या दोन अटींवर ताईनं कसाबसा धीर धरला. तिसरी ऐकल्यावर तिनं पदर तोंडाला लावला.

"लग्नाचा शालू परत नेसायचा? लोक म्हणतील, हिच्याकडं दुसरी साडीच नाही!"

शालू नेसण्यासाठी नसतोच. तो डांबरगोळ्यांत ठेवण्यासाठी असतो. ताईचाच घ्या. भाचीनं सुरुवातीला "आई, मी तुझाच नेसते" असा प्रस्ताव मांडला होता. एकही पैसा नको, वर आईची आठवण. दाजींचे डोळे पाणावले (खर्चाच्या बाजूनं). मग ट्रंक उघडली, जुन्या धोतरात गुंडाळलेला शालू काढला, चार जणींनी चार टोकं धरून उलगडला, आणि तो जिथं जिथं घडी होती तिथं तिथं अलगद फाटत गेला. जर काळी पडलेली. हातात शालूचे रुमाल आले. ताईनं त्यातल्या एका तुकड्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "बघ, अजून नवाच आहे की. एकदाच नेसलाय."

यातली खरी गोम पुढं आहे. आमच्याकडं नवरीचा शालू नवरदेवाकडच्यांनी घ्यायचा आणि नवरदेवाचा पोशाख नवरीकडच्यांनी. म्हणजे भाचीच्या साधेपणानं पैसे वाचणार होते व्याह्यांचे, आणि अब्रू जाणार होती तीही व्याह्यांचीच. नवरदेवाच्या मावशी गादीच्या मधोमध बसल्या होत्या. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"आमी काय भिकारी हाव का? पंधराशे! मपल्या लेकीच्या बाळंतपणात अंग चोळणाऱ्या बाईला मी दोन हजाराची नेसवली."

भाची म्हणाली, "मावशी, पैसे वाचतील की."

"वाचवायला कोण म्हणलंय? लग्नात पैसे वाचवले तर मग घालवायचे कवा?"

मी वीस वर्षं गणित शिकवतो. हे उदाहरण मला सुटलं नाही.

दाजींची अवस्था सगळ्यात अवघड. ते पंचायत समितीत क्लार्क. मुलीनं पंधराशे म्हटल्यापासून त्यांच्या आत लाडू फुटत होते, पण मुलीच्या बापानं चारचौघांत आनंद दाखवायचा नसतो. ते मोठ्यानं म्हणायचे, "छे छे, हौस झालीच पाहिजे!" आणि लगेच माझ्या कानाशी लागायचे, "मास्तर, पोरगी म्हणती तसंच होऊ द्या बरं का." त्यांना अजून कल्पना नव्हती की मोठं बिल त्यांच्याच बाजूला बसणार आहे.

सेल्समन मात्र शांत होता. "बघायला पैसे लागत नाहीत," असं म्हणून त्यानं अठरा हजारांपासून सुरुवात केली. बनारसी, कांजीवरम, ब्रोकेट, आणखी काय काय. कपाटातून साड्या उडत यायच्या आणि गादीवर पडायच्या. एक शालू त्यानं स्वतःच शर्ट-पँटवरून नेसून दाखवला, पदर खांद्यावर घेतला, मान तिरकी केली. मिशीवाल्या त्या माणसाला तो इतका शोभला की आमच्या आत्या म्हणाल्या, "हाच बांधा." भाची म्हणाली, "ह्यांनाच द्या." त्यावरून आत्या थोड्या रुसल्या. माझं काम सुरू झालं.

मग त्यानं "खास तुमच्यासाठी" म्हणून एक पैठणी काढली. ओरिजनल, तीन हजार आठशे. इथं मला पुढं होणं भाग होतं. पैठण आमच्या गेवराईहून लांब नाही, गोदावरीच्या पल्याड. तेव्हा आम्हा लोकांना पैठणीतलं कळतं, असं आमचं म्हणणं असतं. खऱ्या हातमागाच्या पैठणीचा पदर उलटसुलट सारखाच दिसतो, हे मी चारचौघांत सांगितलं आणि पदर झर्रकन उलटा केला. मागच्या बाजूला मोराच्या पोटातून दोरेच दोरे लोंबत होते. दुकानात शांतता पसरली. सेल्समन जराही न बिचकता म्हणाला, "सर, उलटी नेसतंय कोण?"

माझा अभिमान दुखावला होता, म्हणून मी कापसाकडं वळलो. सुती साडी महाग असूच शकत नाही, हे मी बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मांडून दाखवलं. साडीत धरा अर्धा किलो सूत. कापसातून रुई निघते साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे दीड किलो कापूस. लांब धाग्याचा हमीभाव 2025-26 चा, क्विंटलला 8,110 रुपये. म्हणजे साडीतला माल झाला एकशे बावीस रुपयांचा. गेवराई-माजलगावच्या रानातून तो गाडीत भरून जातो आणि साडी होऊन परत येतो तेव्हा किंमत बघा! दाजींनी हिशोब दोनदा वाचला.

"मग मास्तर, एकशे बावीसचा कापूसच गुंडाळा तुमच्या भाचीला."

भाचीनं आता कायदा काढला. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमात सप्तपदी आहे, शालू कुठंही नाही. सत्यशोधक समाजानं 1873 साली लग्नं लावायला सुरुवात केली तेव्हा भटजीचा आणि थाटामाटाचा खर्चच काढून टाकला होता. आणि इंदिरा गांधींनी 1942 साली लग्नात नेसलेली गुलाबी साडी खादीची होती, नेहरूंनी तुरुंगात स्वतः कातलेल्या सुताची.

"त्यांचे वडील नेहरू होते," ताई म्हणाली. "तुपले वडील पंचायत समितीत आहेत."

"सूत कातायला मला आधी तुरुंगात जावं लागंल," दाजी म्हणाले. पंचायत समितीतल्या माणसानं हे वाक्य असं सहज बोलायला नको होतं. दोन-तीन जणींनी एकमेकींकडं बघितलं.

नवरदेवालाही विचारण्यात आलं. तो बिचारा मोबाईल खिशात ठेवून म्हणाला, "माझी काही हरकत नाही. मीपण साधा कुर्ता घालतो." त्याच्या मामानं त्याला बाजूला नेलं. परत आला तेव्हा तो मरून शेरवानीसाठी छातीचं माप देत होता.

त्या दिवशी नवरी सोडून सगळ्यांचे कपडे घेऊन आम्ही घरी आलो. टॉवेल-टोप्यांचा गठ्ठा माझ्या मांडीवर होता.

आम्ही बीडकर तशी वाट बघणारी माणसं. नगर-बीड-परळी रेल्वे 1995 साली मंजूर झाली आणि बीडपर्यंत गाडी यायला 17 सप्टेंबर 2025 उजाडला. तोवर रेल्वेच्या आशेवर स्टेशनजवळ प्लॉट घेतलेल्या माणसांची नातवंडं कॉलेजात गेली. पण लग्नाची तिथी रेल्वेखात्याच्या हातात नसते. ताईची झोप उडाली. आधी ऑनलाइन मागवून बघितलं. फोटोतली बाई तळ्याकाठी उभी, अंगावर मोतिया रंगाची सुती साडी. कुरिअरवाला गावात चार जणांना विचारत विचारत आला, त्यामुळं पार्सल उघडायला चार घरची माणसं जमली. आत निघालं त्याला साडी म्हणायचं की मच्छरदाणी, यावर दोन तट पडले. शेजारच्या काकूंनी पोटाचं दुखणं बाजूला ठेवून निकाल दिला: "गाळणी आहे. ताकाला बरी."

पहिली पत्रिका योगेश्वरीला ठेवायला अंबाजोगाईला गेलो, तेव्हा तिथलीही दुकानं पालथी घातली. ऊन डोक्यावर, पाय भाजलेले, हातात काही नाही. देवळाच्या सावलीला बसल्यावर मी लेकरांना कथा सांगितली. योगेश्वरी परळीच्या वैद्यनाथाशी लग्न करायला कोकणातून निघाली, पण वऱ्हाडाला उशीर झाला, मुहूर्त टळला आणि वऱ्हाडाच्या शिळा झाल्या. देवी तशीच इथं राहिली. शेजारची छोटी भाची म्हणाली, "उशीर कामून झाला पण?" दाजी घाम पुसत म्हणाले, "बस्ता राहिला आसंल."

अंबाजोगाईत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मी सांगायला नको होती असं ताईचं मत पडलं. सोळाव्या-सतराव्या शतकातले दासोपंत इथले. त्यांनी पंचीकरण लिहिलं ते कापडावर. जाडीभरडी पासोडी, चाळीसेक फूट लांब, चारेक फूट रुंद. चारशे वर्षं होऊन गेली, गावानं ती जपून ठेवली आहे. भाचीला मुद्दा सापडला. "बघा मामा! सुती. साधी. आईचा रेशमी शालू तीस वर्षांत फाटला, ही टिकली." दाजी म्हणाले, "चाळीस फूट! नऊवारीला सत्तावीसच लागतं. वर तेरा फूट उरलं की." नवरदेवाच्या मावशींना फोनवर ही हकीकत कळली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "काठ कसे आहेत?"

शेवटी कुणीतरी म्हणालं, साधं पाहिजे तर छत्रपती संभाजीनगरला जा, तिथं शिकलेले लोक साधंच घालतात. गेलो. दुकानाला दुकान म्हणत नव्हते, बुटिक म्हणत होते. आत थंडगार हवा आणि भिंतीवर चारच साड्या टांगलेल्या. बाकीचा माल विकून संपला असं समजून दाजी खूश झाले. साडी खरोखर साधी होती. मातकट रंग, काठ नाही, बुट्टी नाही, जर नाही. किंमत चौदा हजार पाचशे.

"ह्याच्यावर तर काहीच नाही," ताई म्हणाली.

"हो ना!" तिथली मुलगी कौतुकानं म्हणाली.

बीडमध्ये साडीवर काम असेल तर पैसे वाढतात, इथं नसेल तर वाढतात. दाजी म्हणाले, अठरावाली निदान चमकत तरी होती. उतरताना त्यांनी गाडीभाड्याचा हिशोब केला. पंधराशेच्या साडीच्या शोधात साडीएवढं डिझेल केव्हाच जळून गेलं होतं.

साडी मिळाली ती बीडातच, जुन्या बाजारातल्या एका बोळात. लुगडी विकणारं अंधारं दुकान, मालक सत्तरीचा, पंखा त्याच्याहून मोठा. भाची आत शिरली आणि इरकल दाखवा म्हणाली. इलकलला, कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात विणलेलं हे कापड. अंग सुती, पदर लाल, त्यावर पांढरे कंगवे. आमच्या भागात बाजारच्या दिवशी एसटी स्टँडवर जाऊन बघा, गाठोड्यावर बसलेल्या अर्ध्या म्हाताऱ्यांच्या अंगावर हेच दिसतं. म्हाताऱ्या रोज नेसतात, धुतात, वाळवतात, पुन्हा नेसतात. भाचीच्या तिन्ही अटी मुकाट्यानं पुऱ्या झाल्या होत्या.

"आजीला पाहिजे का?" मालकांनी विचारलं.

"नाही, नवरीला."

म्हाताऱ्यानं चष्मा कपाळावर सारला. "नवरीचं वय काय?"

भाचीनं सगळ्यात आधी नेमकी काळी उचलली. त्या क्षणी ताईनं जो आवाज काढला तो ऐकून समोरचा भांडेवाला बाहेर आला. काळ्याला हळदीची माणसं हात लावत नाहीत, एवढं तरी कळावं की! मालकांनी "संक्रांतीला चालतंय" अशी मध्यस्थी केली, पण तोवर कोण थांबणार? शेवटी गर्द हिरव्यावर तडजोड झाली. तेराशे पन्नास. दाजींनी सवयीनं "काही कमी?" विचारलं. म्हातारा म्हणाला, "नवरीची आहे म्हणून पन्नास कमी करतो. आजीची असती तर नसते केले."

इथं खर्चाचा विषय संपायला पाहिजे होता. इथंच तो सुरू झाला. मावशींनी इरकलला मान्यता दिली, पण अट घातली: लग्नाची तुपल्या पसंतीची, बाकीच्या मपल्या. मग हळदीची एक, साखरपुड्याची एक, सत्यनारायणाची एक, पाठवणीची एक, आणि "लोकांनी नवरीची साडी विचारली तर दाखवायला" म्हणून एक शालू. तो नेसायचा नव्हता. नुसता विचारणाऱ्यांना दाखवायचा होता. ते झालं तिकडचं. इकडं आमच्या बायकांनी बैठक घेतली. नवरीच हलकं नेसणार म्हटल्यावर घराण्याकडं बघून वाटावं असं कुणीतरी नेसायला नको का? ही जबाबदारी ताईनं घेतली. मग आत्यांनी घेतली. चुलत्यांच्या सुनांनी एकीनं घेतली तर दुसरीनं का घेऊ नये? आधी घेतलेल्या साड्या घेऊन क्रूझर परत बीडला गेली आणि एकेक पायरी वरच्या साड्या घेऊन आली. आमच्या बायकोनं जाताना फक्त "मी आपली सोबत जाते" असं म्हटलं होतं. तिचं बिल मी अजून दाजींना सांगितलेलं नाही.

त्या रात्री दाजी ओट्यावर कॅल्क्युलेटर घेऊन बसले. बराच वेळ बटणं दाबली. मग म्हणाले, "मास्तर, पोरीनं गुपचूप अठराचा घेतला असता तर परवडलं असतं."

लग्नाच्या दिवशी भाची इरकल नेसून, केसात मोगरा घालून तयार झाली. मामाच्या तोंडून शोभत नाही, पण देखणी दिसत होती. अडचण एवढीच की तिच्या दोन्ही बाजूंना कलवऱ्या होत्या, आणि त्यांनी भाड्यानं आणलेले आरसेवाले लेहंगे घातले होते. मुंडावळ्या बांधायला अजून वेळ होता. व्हिडिओवाल्यानं एक नजर टाकली आणि कॅमेरा थोरल्या कलवरीवर लावला. ती मंडपात आली तेव्हा डीजेवाल्यानं गाणं वाढवलं, फटाके उडाले, ड्रोन तिच्या डोक्यावर घिरट्या घालू लागलं. मागून नवरी आली तिला एका पोरानं "मावशी, जरा बाजूला, फ्रेममध्ये येताय" म्हणून सरकवलं. ती समजुतीनं सरकली. वऱ्हाडातल्या एका गृहस्थांनी माझ्याजवळ चौकशी केली, "नवरीची आजी चांगली ठणठणीत आहे हो, वय किती?"

कहर केला नवरदेवाच्या आजीनं. त्यांना दिसतं कमी, पण माया जास्त. ओटीचं ताट घेऊन त्या सरळ चमकणाऱ्या दिशेनं चालत गेल्या आणि कुणी आडवं व्हायच्या आत त्यांनी थोरल्या कलवरीची ओटी भरली, गालावरून बोटं मोडली, "मपल्या घरची लक्ष्मी" म्हणाल्या आणि कमरेच्या पिशवीतून घडी केलेल्या पाच नोटा काढून तिच्या मुठीत कोंबल्या. पाचशेच्या. स्वतः आजी मात्र इरकलच नेसल्या होत्या, हिरवीच. नातसुनेजवळून जाताना थांबल्या, तिचा पदर बोटांत धरून बघितला आणि विचारलं, "तुमी कुण्या गावच्या?"

पाठवणी झाली, मांडवपरतणी झाली. मग भाचीनं धाकट्या बहिणीपुढं हात पसरला. "ओटीचे पैसे नवरीचे असतात. दे माझे अडीच हजार."

"कुठल्या कलमात लिहिलंय?" कलवरी म्हणाली.